वसंतातले परतीचे पक्षी : आधी दलदल की आधी झाडी?

बोरूबन (धागालेखक)

आपल्याकडे हिवाळी पाहुण्यांच्या आगमनाविषयी भरपूर लिहिले जाते. पहिला थापट्या कोणत्या तलावावर उतरला, पहिला धोबी कोणाला दिसला, याची चढाओढ ऑक्टोबर उजाडण्याआधीच सुरू होते. त्याच पक्ष्यांच्या परतीकडे मात्र आपण जवळपास पाठ फिरवलेली असते. ऊन वाढू लागले की दुर्बिणी कपाटात जातात. माझ्या मते मार्चपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ आगमनाच्या काळापेक्षा सरस आहे. शरदात येणारे पक्षी बहुधा मळकट आणि एकसारखे दिसतात, तर परतीला निघालेल्यांच्या अंगावर विणीचे रंग चढू लागलेले असतात. हिवाळाभर करडा दिसणारा काळ्या शेपटीचा पाणटिवळा मानेपासून छातीपर्यंत विटकरी होतो, बाकचोच तुतारी खालच्या अंगाने तांबडी होते, आणि नर भुवई बदकाची पांढरी भुवई तर लांबूनही नजरेत भरते.

माझा प्रश्न असा आहे : ज्यांना आठवड्यातून एखादीच सकाळ मोकळी मिळते, त्यांनी या काळात ती दलदलीला द्यावी की झाडीला? माझा कौल दलदलीला आहे. तिथे पक्षी उघड्यावर असतो, त्याचे चालणे, चरणे आणि उडणे सलग पाहता येते, आणि संख्या वाढली की घटली हे मोजून सांगता येते. झाडीत वटवट्यांसारख्या चिमुकल्या पक्ष्यांच्या मागे सकाळभर मान वर करून हिंडावे आणि शेवटी ‘पानांत काहीतरी हलले’ एवढीच नोंद घेऊन परतावे, असे बहुतेकांचे होते. वेगळे मत असलेल्यांनी कारणांसह लिहावे.

रानपिंगळा

कारणांसह असहमत आहे.

पहिले कारण असे की मान वर करून हिंडण्याची तक्रार सदाहरित जंगलाला लागू पडेल, पण आपल्याकडच्या पानझडी रानात फेब्रुवारी-मार्चमध्ये फांद्या उघड्या पडलेल्या असतात. वर्षातून एवढ्याच काळात माशीमार किंवा पर्ण वटवट्या पूर्ण दिसतो. त्यातच पळस, पांगारा आणि सावर फुललेले असतात. एका बहरलेल्या पळसासमोर तासभर स्वस्थ बसले तर भोरड्यांचा थवा आपणहून येतो. काळे चकचकीत डोके, मागे रेललेला तुरा आणि गुलाबी अंग हा त्यांचा विणीचा वेश परतीपूर्वीच खुलतो. फुलांत डोके खुपसून मध पिताना कपाळावरची पिसे परागांनी पिवळी होतात, तीही जवळून दिसतात. एप्रिल सरेपर्यंत यांतील बहुतेक जण मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशाकडे निघालेले असतात आणि तिथे टोळांवर पिले वाढवतात. चीनच्या शिंज्यांग प्रांतात टोळांना आळा बसावा म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम दगडी निवारे उभारले जातात.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. दलदलीत या दिवसांत बहुतांशी जाणारेच पक्षी असतात. झाडीत मात्र जाणारे आणि येणारे एकमेकांना ओलांडतात. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढलेला नवरंग एप्रिल-मेमध्ये उत्तरेकडे सरकतो आणि पावसाच्या तोंडावर पहाटे व संध्याकाळी त्याची शीळ ऐकू येऊ लागते. त्याच्या पाठोपाठ आफ्रिकेतून चातक येतो. म्हणजे वसंतातले स्थलांतर दोन्ही दिशांनी पाहायचे असेल तर झाडीला पर्याय नाही.

दुर्बीणधारी

मानेचे दुखणे असणाऱ्यांनी दलदलीत जावे आणि गुडघ्याचे दुखणे असणाऱ्यांनी झाडीत. दोन्ही दुखणी असलेल्यांनी हा धागा वाचत बसावे, असा माझा निर्णय झालेला आहे.

शेकाट्या

धागालेखकांशी सहमत आहे, पण ‘दलदल’ म्हणून आपण जे म्हणतो ते या काळात एका जागी राहत नाही, हे लक्षात घ्यायला हवे. धरणांच्या फुगवट्यांत फेब्रुवारीपासून पाणी उतरू लागते आणि दर आठवड्याला काठ आत सरकतो. मागे राहिलेली गाळपेर जमीन पेरली जाते आणि तिच्यापुढे ओल्या चिखलाचा जो पट्टा उघडा पडतो, त्यातच किडे, अळ्या आणि गोगलगायी असतात. चिखलपक्षी त्या पट्ट्याबरोबर सरकतात. डिसेंबरमध्ये जिथून उत्तम दर्शन झाले होते, तिथेच एप्रिलमध्ये उभे राहिले तर समोर कोरडी भेगाळलेली जमीन असते आणि लोक ‘पक्षी गेले’ असे म्हणून परततात. पक्षी बहुधा अर्धा-एक किलोमीटर आत असतात.

सगळे पक्षी एकाच वेळी निघतात असेही नाही. बदकांमध्ये तलवार बदके लवकर हलतात. थापटे आणि भुवई बदके एप्रिलमध्येही रेंगाळतात. तुताऱ्या आणि टिलवे हे छोटे चिखलपक्षी त्यांच्याही मागे राहतात. पट्टकादंब हे हंस तर मार्चमध्येच विरळ होऊ लागतात. म्हणून एकाच जागी पंधरा-पंधरा दिवसांनी गेलात तरी प्रत्येक वेळी जमाव निराळा दिसतो.

नवोदितांसाठी एक सूचना आहे. वसंतात रंग बदलत असल्याने छापील चित्राशी पक्षी जुळत नाही, म्हणून रंगापेक्षा पाय आणि वागणे पाहावे. छोट्या टिलव्याचे पाय काळे असतात, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. ठिपकेवाल्या तुतारीचे पाय पिवळट आणि भुवई लांब असते. हिरवी तुतारी पाठीने गडद असते आणि उडताना तिचे पंख खालून जवळजवळ काळे व कमरेजवळचा भाग पांढराशुभ्र दिसतो. सामान्य तुतारी तर अंतर कितीही असो, सतत शेपटी हलवण्याच्या सवयीवरूनच ओळखता येते.

मृण्मयी

मी नुकतीच सुरुवात केली आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर क्षमस्व. पक्षी ‘निघण्याच्या तयारीत’ आहे हे पाहणाऱ्याला कसे कळते? आज दिसलेला आणि उद्या न दिसलेला पक्षी उत्तरेकडेच गेला की शेजारच्या तळ्यावर गेला, हे कसे ठरवायचे? शिवाय थंडी सरली म्हणून ते जातात का? आपल्याकडे कित्येकदा फेब्रुवारीतच उकडायला लागते.

उत्तररात्र

मृण्मयीताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही.

आधी कारणाविषयी लिहितो. तापमानापेक्षा दिवसाच्या लांबीचा प्रभाव मोठा असतो. १९२० च्या दशकात कॅनडातील अल्बर्टा येथे विल्यम रोवन यांनी जुन्को नावाचे लहान पक्षी कडाक्याच्या थंडीत उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेच्या दिव्यांनी त्यांचा ‘दिवस’ रोज थोडा थोडा वाढवत नेला. बाहेर गोठवणारी थंडी असूनही त्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंतातल्यासारखी वाढली. प्रकाश वाढला म्हणजे ऋतू पालटला, असा हिशेब पक्ष्याच्या शरीरात असतो, हे तेव्हापासून प्रयोगाने दिसून आले.

मात्र विषुववृत्ताकडे सरकावे तसा हा संकेत क्षीण होत जातो. महाराष्ट्राच्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवस साधारण ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सुमारे १३ तासांचा असतो. विषुववृत्ताजवळ तर फरक जवळजवळ नसतोच. तिथे हिवाळा काढणाऱ्या पक्ष्यांना निघण्याची वेळ कशी कळते, याचे उत्तर एबरहार्ड ग्विनर यांच्या प्रयोगांतून मिळाले. त्यांनी वटवटे वर्षानुवर्षे कायम सारख्या लांबीच्या दिवसात ठेवले, तरीही पिसे टाकणे, चरबी साठवणे आणि स्थलांतराच्या ओढीने येणारी रात्रीची अस्वस्थता हे चक्र साधारण वर्षाच्या अंतराने चालूच राहिले. घड्याळ आतच असते. दिवसाची लांबी ते फक्त जुळवून देते.

आता चिन्हांविषयी. निघण्यापूर्वी पक्षी अधाशासारखे खातात आणि चरबी साठवतात. काही जातींत वजन दुपटीच्या आसपास जाते. चिखलपक्ष्यांकडे बाजूने पाहिले तर पायांच्या मागे, शेपटीच्या बुडाशी फुगवटा दिसतो. त्याहून भरवशाची खूण संध्याकाळी दिसते. सूर्यास्ताच्या सुमारास एखादा थवा विनाकारण उठतो, सतत आवाज करत घिरट्या घालत उंच जातो, त्यातील काही परत खाली उतरतात आणि उरलेले रांग धरून निघून जातात. शिकारी पक्ष्याच्या भीतीने उडालेला थवा खाली राहून वेडावाकडा वळतो आणि लवकर उतरतो. हा फरक एकदा पाहिला की पुन्हा शंका राहत नाही.

बहुतेक लहान पक्षी आणि पुष्कळसे चिखलपक्षी रात्री प्रवास करतात. हवा थंड आणि स्थिर असते, ससाण्यांचे भय कमी असते, आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. गरुड आणि करकोचे यांना तापलेल्या हवेचे वर चढणारे झोत लागतात, म्हणून ते दिवसा जातात.

बोरूबन

उत्तररात्र, फार उत्तम माहिती. रात्री जाणाऱ्यांना दिशा ताऱ्यांवरून कळते असे वाचले होते. त्यात कितपत तथ्य आहे?

उत्तररात्र

पूर्ण तथ्य आहे. स्टीफन एमलेन यांनी १९६० च्या दशकात निळ्या बंटिंग पक्ष्यांना तारांगणात ठेवून हे दाखवले. पक्षी नरसाळ्याच्या आकाराच्या पिंजऱ्यात असे आणि तळाशी शाईची गादी असे. तो ज्या दिशेला उडू पाही, त्या बाजूच्या कागदावर त्याच्या पायांचे ठसे उमटत. वसंतातील रात्री ठसे उत्तरेकडे जमत. तारांगणातले आकाश फिरवून उत्तर बदलली की ठसेही फिरत. पिलांना ताऱ्यांचा नकाशा जन्मतः पाठ नसतो. रात्रीचे आकाश ज्या बिंदूभोवती फिरते तो बिंदू ती निरीक्षणाने शिकतात. चुंबकीय दिशाज्ञान त्याच्या जोडीला असतेच.

घरबसल्या करण्याजोगी एक गोष्ट सुचवतो. पौर्णिमेच्या सुमारास स्कोप (तिकाटण्यावरची लांब पल्ल्याची दुर्बीण) चंद्रावर रोखून धीराने बसावे. जॉर्ज लोअरी यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत याच पद्धतीने चंद्रबिंबासमोरून जाणाऱ्या पक्ष्यांच्या सावल्या मोजून रात्रीच्या स्थलांतराचा अंदाज बांधला होता. जात ओळखता येत नाही, पण आकाश रिकामे नसते हे डोळ्यांना पटते.

दुर्बीणधारी

म्हणजे दलदल नको, झाडी नको, गच्चीच पुरे. माझ्या गुडघ्यांनी आपले आभार मानले आहेत.

माळढोक्या

पट्टकादंबांचा उल्लेख वर झाला म्हणून लिहितो. हे हंस थेट एव्हरेस्टवरून उडत जातात, असे सर्वत्र सांगितले जाते. परतीच्या प्रवासातला सर्वांत थरारक भाग तोच असावा, आणि तो ना दलदलीतून दिसतो ना झाडीतून!

उत्तररात्र

उपग्रह-यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासांतून चित्र थोडे निराळे निघाले आहे. नोंदलेली सर्वाधिक उंची ७,२९० मीटर आहे, म्हणजे एव्हरेस्टच्या ८,८४९ मीटरपेक्षा बरीच कमी. बहुतेक वेळ हे पक्षी ५,५०० मीटरच्या खालीच राहतात, खिंडी आणि दऱ्या धरून जातात. जमीन चढली की चढतात आणि उतरली की उतरतात. एकदा मिळवलेली उंची राखून सरळ जाण्यापेक्षा हे खर्चिक वाटते, पण विरळ हवेत पंख मारण्याचा खर्च इतका वाढतो की खाली उतरून पुन्हा चढणेच त्यांना परवडते. मंगोलियात बसवलेल्या पट्टकादंबांच्या गळपट्ट्यांवरचे क्रमांक भारतातील तळ्यांवर वाचले गेले आहेत, त्यामुळे आपल्या स्कोपचाही या अभ्यासात उपयोग होऊ शकतो.

रानपिंगळा

मूळ मुद्द्याकडे येताना झाडीच्या बाजूची एक अडचण मीच सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय तुलना खरी होणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पश्चिम भारतातून काही पक्षी नुसतेच पार होतात : ठिपकेदार माशीमार, युरोपीय नीलपंख, लाल पाठीचा खाटीक. हे आफ्रिकेकडे जाणारे प्रवासी आहेत. वसंतात त्यांची वाट पाहत बसू नये, कारण परतताना त्यांचा मार्ग बहुतांशी पश्चिमेकडून, अरबस्तानावरून असतो. जाण्याची वाट एक आणि येण्याची दुसरी, असे वळसा घालणारे स्थलांतर अनेक जातींत आढळते. अमूर ससाण्याचेही तसेच आहे. शरदात तो नागालँडमध्ये प्रचंड संख्येने थांबून, भारतीय द्वीपकल्प ओलांडून, समुद्रावरून आफ्रिकेत जातो. एप्रिल-मेमध्ये परतताना पुन्हा अरबी समुद्र ओलांडतो, पण शरदातल्यासारखे मोठे थांबे घेत नाही. म्हणून वसंतात झाडीत जातींची संख्या शरदापेक्षा कमी भरते, हे मान्य करावे लागेल.

त्याची भरपाई आवाजाने होते. हिवाळाभर एकाक्षरी ‘चिक’ करणारा ब्लिथचा बोरू वटवट्या आणि दोनच स्वर काढणारा हिरवट पर्ण वटवट्या निघण्यापूर्वी एप्रिलमध्ये गाऊ लागतात. गाणे अर्धवट असते, मध्येच तुटते, पण ज्या पक्ष्याला चार महिने आपण केवळ एका टिचकीवरून ओळखत होतो, त्याचा पूर्ण आवाज तेव्हा मिळतो. दलदलीत हे सुख कमी.

छायावेध

दोन्ही बाजूंची मते वाचली. मी छायाचित्रे काढतो, आणि एक तक्रार मांडू इच्छितो. अलीकडे फुगवट्याच्या पाण्यात नावा थेट थव्यात घातल्या जातात, पक्षी उडताना चांगला फोटो मिळतो म्हणून. एका ठिकाणी मी नावाड्याला अंतर ठेवायला सांगितले तर सोबतच्या मंडळींनीच माझ्यावर डोळे वटारले. निघण्याच्या तयारीतला पक्षी वारंवार उडवणे म्हणजे त्याने खाऊन साठवलेले त्याच्याच हातून खर्च करवणे आहे. झाडीतही हल्ली भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित आवाज वाजवून नवरंगाला बोलावले जाते. विणीच्या तोंडावर त्याला स्वतःच्या हद्दीत प्रतिस्पर्धी आल्याचा भास होतो आणि तो खाणे सोडून शोधत फिरतो.

शेकाट्या

छायावेध यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि त्यात एक भर घालतो. परतीच्या पक्ष्यांच्या नादात आपण विसरतो की ह्याच काळात काठावर आणि उघड्या पडलेल्या बेटांवर स्थानिक पक्ष्यांची वीण चालू असते. नदी सुरय, छोटा आर्ली, टिटवी आणि कंठेरी चिखल्या जमिनीवरच अंडी घालतात. घरटे म्हणजे वाळूत अंगाने घोळून केलेला उथळ खळगा. अंड्यांवरचे ठिपके आजूबाजूच्या खड्यांशी असे मिसळतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. एप्रिलच्या उन्हात आई-बाप दहा मिनिटे दूर राहिले तरी अंडी तापू शकतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, किंवा चिखल्या पंख मोडल्याचे सोंग घेऊन पुढे फरफटत जाऊ लागला, तर आपण घरट्याजवळ आहोत असे समजून आल्या पावली मागे फिरावे.

जलरेखा

हा सगळा प्रकार वाचताना परदेशातील वसंताशी तुलना करण्याचा मोह होतो. मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर एप्रिलमध्ये झाडीच्या छोट्या तुकड्यांत जे घडते, ते आपल्याकडे घडत नाही. रातोरात समुद्र ओलांडून येणाऱ्या लहान पक्ष्यांना समोरून वारा आणि पाऊस लागला तर ते किनारा गाठताच पहिल्या दिसेल त्या झाडावर अक्षरशः कोसळतात, आणि एकेका झुडपावर रंगीबेरंगी वटवटे, टॅनेजर आणि ओरिओल थकून बसलेले असतात. पाहणाऱ्यासाठी ती पर्वणी असते, पक्ष्यांसाठी ते संकट असते. कॅनडातील पॉइंट पेली हे इअरी सरोवरात शिरलेले टोक तशाच कारणाने मे महिन्यात गजबजते. पाणी ओलांडल्यावर पहिली टेकायची जागा तीच. उलट पोलंडमधील बिएब्झा नदीच्या दलदलींत वसंतात रफ पक्ष्यांचे नर गळ्याभोवती पिसांची झालर फुलवून मेळा भरवतात. आपल्याकडच्या चिखलात जे बेढब तपकिरी रफ आपण दुर्लक्षितो, त्यांच्याच मानेवर एप्रिलमध्ये काळी-तांबूस पिसे डोकावू लागतात. तेवढीच त्या मेळ्याची झलक आपल्या वाट्याला येते.

तात्पर्य, झाडी आणि दलदल हा प्रश्न भूगोलावर अवलंबून आहे. जिथे समुद्र किंवा मोठे सरोवर ओलांडून पक्षी येतात, तिथे काठावरची झाडी सरस. जिथे पक्षी विखुरलेल्या रीतीने जमिनीवरूनच उत्तरेला सरकतात, तिथे ते एकत्र येतात फक्त पाण्याजवळ. आपला प्रदेश दुसऱ्या प्रकारचा आहे, म्हणून माझे मत धागालेखकांच्या बाजूने.

माळढोक्या

तापमानवाढीमुळे आपले पक्षी लवकर जाऊ लागले आहेत का? कोणाकडे काही ठोस आहे का?

उत्तररात्र

युरोपात ठोस अभ्यास आहेत. नेदरलँड्समधील ओकच्या वनांत वसंत लवकर येऊ लागल्याने पानांवरील अळ्यांचा बहर पुढे सरकला, पण आफ्रिकेतून येणाऱ्या कबऱ्या माशीमाराचे आगमन तितक्या वेगाने पुढे सरकले नाही. पिलांना भरवण्याची वेळ आणि अळ्या मुबलक असण्याची वेळ यांची ताटातूट झाली, आणि जिथे ही ताटातूट सर्वाधिक होती तिथे त्यांची संख्या फार घटली. आतल्या घड्याळावर निघणाऱ्या पक्ष्याला हजारो किलोमीटर दूर झाडांना पालवी कधी फुटली हे कळण्याचा मार्ग नसतो.

आपल्या बाजूने असा अभ्यास करायचा तर परतीच्या तारखा लागतात, आणि धागालेखकांनी पहिल्याच परिच्छेदात म्हटल्याप्रमाणे त्याच आपण नोंदत नाही. २००७ मध्ये भारतात स्थलांतरित पक्ष्यांच्या नोंदींचा मायग्रंटवॉच हा उपक्रम सुरू झाला, त्याचाही सुरुवातीचा भर आगमनाच्या तारखांवरच होता.

सारंगी

अनेक वर्षे नोंदी ठेवणारी म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

पहिली तारीख नोंदणे सोपे आहे, कारण पक्षी दिसला की ती मिळते. शेवटची तारीख अशी मिळत नाही. ज्या दिवशी पक्षी शेवटचा दिसला, त्या दिवशी तो शेवटचा आहे हे आपल्याला माहीत नसते. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत तो दिसला नाही तरच ती तारीख ठरते, म्हणजे पक्षी नसलेल्या दिवसांची नोंद हाच खरा पुरावा असतो. इथेच आपण कमी पडतो, कारण काहीच न दिसलेल्या सकाळची यादी कोणी लिहून ठेवत नाही. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना ‘दिसलेल्या सर्व जाती नोंदवल्या’ हा पर्याय निवडून पूर्ण यादी दिली, तर न दिसलेल्या जातींची अनुपस्थितीही त्यातून वाचता येते. केवळ दुर्मीळ पक्ष्याचे नाव टाकून मोकळे होणाऱ्यांच्या यादीचा परतीच्या अभ्यासाला काही उपयोग नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

दुसरी गोष्ट संख्येची आहे. ‘पुष्कळ’ किंवा ‘थवा’ असे न लिहिता अंदाजे का होईना आकडा लिहावा. मार्चच्या अखेरीस संख्या अचानक वाढली तर ते आपले हिवाळी पक्षी नसून दक्षिणेकडून वर सरकणारे प्रवासी असू शकतात. पिवळ्या धोब्यांमध्ये हे फार छान दिसते. हिवाळ्यात सगळे सारखेच फिकट दिसतात, पण एप्रिलमध्ये नरांची डोकी रंगतात. काळ्याभोर डोक्याचा नर, फिकट करड्या डोक्यावर पांढरी भुवई असलेला आणि गडद करड्या डोक्याचा, भुवई नसलेला असे तीन वंश (उपजाती) एकाच गाळपेरीत शेजारी चालताना दिसतात. आणि त्यांचे विणीचे प्रदेश निरनिराळे आहेत. कोणत्या आठवड्यात कोणता वंश अधिक होता एवढे लिहिले तरी ते निघण्याच्या क्रमाचे चित्र होते.

तिसरी गोष्ट, सगळेच जात नाहीत. चिखलपक्ष्यांतील पहिल्या वर्षाची पिले पुष्कळदा उन्हाळाभर इथेच राहतात, कारण त्यांना त्या वर्षी वीण करायचीच नसते. जूनमध्ये करडा पाणटिवळा दिसला तर तो ‘लवकर परतला’ असे लिहिण्याची घाई करू नये.

आणि पायात ओळखीसाठी बसवलेली कडी दिसली तर ती आधी वाचावी. भारतात बसवलेल्या धातूच्या कड्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा उल्लेख आणि क्रमांक असतो. रंगीत पट्टी असेल तर कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली आणि कोणत्या रंगाची, हे सगळे लिहून कळवावे.

मृण्मयी

सारंगीताई, तीन वंश शेजारी शेजारी चालतात हे वाचून फार आनंद झाला. मी आजवर सगळ्यांपुढे नुसते ‘पिवळा धोबी’ लिहीत आले आहे. यासाठी स्कोप लागेल की साधी दुर्बीण पुरेल?

सारंगी

धोब्यांना ८ × ४२ ची साधी दुर्बीण पुरते, कारण ते माणसाला बरेच जवळ येऊ देतात. टिलव्यांना आणि लांबच्या बदकांना स्कोप हवा. पण एप्रिलमध्ये नऊ वाजल्यानंतर चिखलावरची हवा इतकी थरथरते की स्कोप जितका मोठा तितके चित्र बिघडते. तेव्हा महागडे साधन घेण्याआधी गजर लवकरचा लावावा.

रानपिंगळा

नऊनंतरच्या या झळीतच धाग्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर दडले आहे असे मला वाटते, आणि जलरेखा यांच्या भूगोलाच्या मुद्द्याशीही ते जुळते. पाण्यामुळे पक्षी एकत्र येतात, हे त्यांनी दलदलीविषयी म्हटले. पण एप्रिल-मेमध्ये पानझडी रानातले ओढे आटतात आणि एखाद्या खडकाच्या खोबणीत परातीएवढे पाणी उरते. रानातल्या सगळ्या लहान पक्ष्यांना दुपारनंतर तिथे यावेच लागते. पाणवठ्यापासून पुरेसे लांब, झुडपाच्या आडोशाला मळखाऊ कपड्यांत बसले तर स्वर्गीय नर्तक पांढऱ्या फितीसारखी शेपूट सोडून पाण्यावर झेप घेतो, कंठाला नारिंगी रंग चढलेला लाल छातीचा माशीमार काठावर उतरतो, आणि वरच्या फांदीवरचे वटवटे आपणहून डोळ्यांच्या पातळीला येतात. मान वर करावी लागत नाही. बोरूबन यांची मूळ तक्रार इथे मिटते.

तेव्हा सकाळ दलदलीला द्यायला माझी हरकत नाही. मात्र दुपार सरता सरता झाडीत येऊन बसावे.

बोरूबन (धागालेखक)

रानपिंगळा, सकाळ तुम्ही दिलीत म्हणून दुपारही तुमच्या नावे करतो, पण संध्याकाळ सोडत नाही. उत्तररात्र यांनी सांगितलेली सूर्यास्ताची उड्डाणे आणि बोरूच्या बनात रात्रीच्या थाऱ्याला उतरणारे धोबी पाहायला पुन्हा पाण्याकाठीच यावे लागते, आणि त्याच सुमारास दलदली भोवते हे शिकारी पक्षी बनावरून कमी उंचीने फेऱ्या मारत असतात.

सारंगीताईंच्या सूचनेप्रमाणे येत्या एप्रिलच्या पहिल्या रविवारपासून मेअखेरपर्यंत दर आठवड्याला एकाच ठराविक जागेची पूर्ण यादी करावी, असा प्रस्ताव मांडतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी याच धाग्यावर आपली जागा दलदल आहे की झाडी, एवढे कळवावे. काहीच न दिसलेल्या फेऱ्याही कृपया लिहाव्यात.

शेकाट्या

दलदल.

मृण्मयी

दलदल, आणि धोब्यांची डोकी वेगवेगळी मोजणार.

दुर्बीणधारी

झाडी, दुपारी, पाणवठ्याजवळ. तिथे बसायचे आहे असे वर लिहिले आहे, ते मी नीट वाचले आहे.